तलाव कुणाचा, मासा कुणाचा

गावातली गरिबी सातबारा पाहून मोजायची आपल्याकडे जुनी सवय आहे. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, विहीर आहे का, सोसायटीचं कर्ज किती. भंडारा जिल्ह्यात ही मोजणी अर्धवट राहते, कारण इथल्या गावांतली सगळ्यात गरीब घरं सातबाऱ्यावर बहुधा नसतातच. गावाच्या कडेला, तलावाच्या बाजूनं ढिवरटोली असते. तिथं जमीन असलीच तर एखादा तुकडा. रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत मजुरी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, आणि या सगळ्याच्या मागे वर्षभराचा आधार म्हणजे तलाव. ढिवर-भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, पण भंडाऱ्यातला ढिवर भटकत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाण्याच्या काठी राहिलेला आहे. त्याच्यासाठी काही करायचं असेल तर आधी ते पाणी समजून घ्यावं लागतं, आणि तलाव समजला नाही म्हणून वाया गेलेल्या चांगल्या हेतूच्या योजना या भागात थोड्या नाहीत.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे शाळेच्या पुस्तकात असतं. १ मे १९९९ ला त्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा तलावही वाटले गेले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरचा काही भाग मिळून अशा जुन्या तलावांची संख्या सुमारे सात हजार सांगतात. सरकारी कागदावर त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यांहून लहान, एखाद्या शेतकऱ्याच्या धानाला पुरेल एवढी, ती बोडी. शिवनीबांध, नवेगावबांध, सिरेगावबांध या गावांच्या नावांतच बांध आहे.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात एवढे तलाव कशाला? उत्तर धानात आहे. पाऊस जून ते सप्टेंबर धो धो येतो आणि नेमका धान निसवायच्या वेळी हात आखडता घेतो. लोंबी बाहेर पडताना बांधीत पाणी नसलं तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. त्या दोन-तीन आठवड्यांत एक-दोन पाणी मिळालं की पीक घरात येतं. तलाव बांधले गेले ते एवढ्यासाठी. तीन पिकं घेण्यासाठी नव्हे, हातातलं एक पीक वाचवण्यासाठी. उतारावर मातीची लांब पार घालायची, तिच्यात दगडी तुडुम बसवायचा, म्हणजे पायऱ्यांसारख्या टप्प्यांवर भोकं आणि त्यांना बुचं. पाण्याची पातळी उतरेल तसं एकेक खालचं बूच काढत जायचं. जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तिथलं त्याच्या खालच्या बोडीत. वरच्या गावाचं ओसंडलेलं पाणी खालच्या गावाचं भांडवल होत असे. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातही अशाच तलावांच्या माळा आहेत, आणि तिथल्या अभ्यासकांना भंडाऱ्याचा नकाशा अनोळखी वाटणार नाही.

हे तलाव प्रामुख्यानं कोहळी समाजानं बांधले, गोंड राजांच्या काळात. जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यायची, असं गोंड राजांचं धोरण होतं असं सांगतात. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे त्या भागात लहान पोरही सांगतं. पुढे इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारांना मालकी हक्क दिला. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मालगुजार गावाचा मालक झाला आणि तलावही त्याच्या अखत्यारीत गेले.

या काळाबद्दल हळवं होऊन लिहिण्याची एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. तलाव चांगले राखले जात, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत, दर उन्हाळ्यात शेतकरी तलावातला गाळ बैलबंड्यांत भरून बांधीत टाकत, हे सगळं खरं. पण पारीवर माती टाकायला वेठीला कुणाला धरलं जाई, आणि मालगुजाराच्या घरी उत्तम मासा आधी कुणी पोचवायचा, हेही खरं. जुनी व्यवस्था न्यायाची नव्हती. एवढं मात्र होतं की पार फुटली तर कुणाच्या दारात जायचं हे गावाला ठाऊक होतं, आणि मासेमारीचा ढिवरांचा वहिवाटीचा हक्क कुणी नाकारत नव्हतं.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. मध्य प्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानं तलाव शासनाकडे आले. जमीनदारी गेली हे योग्यच झालं. पण तलावाचा धनी गेला आणि त्या जागी गाव आलं नाही, खातं आलं. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. तलावाच्या पाण्यावरचे, पारीवरच्या झाडांवरचे, गुरं पाजण्याचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले होते. ते पत्रक कपाटात राहिलं. गाळ काढणं हे आता सरकारचं काम, म्हणून शेतकऱ्यांनी बंड्या नेणं सोडलं. सरकारकडे हजारो तलावांना पुरेल एवढा पैसा कधीच नव्हता. वरच्या अंगाचं जंगल विरळ झालं, माती वाहून आली, काठाच्या उथळ जागेवर अतिक्रमणं झाली आणि उरलेल्या काठावर बेशरम पसरली. गुलाबी फुलांची ही झुडपं गुरं खात नाहीत, तोडली तरी कांडीतून पुन्हा फुटतात. बेशरमीचा पट्टा दाट झाला की तिथं दुसरं काही उगवत नाही.

आता माशाकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथंच आहे.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कृत्रिमरीत्या अंडी घालायला लावली. कतला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीत विणीला येणारे मासे. तलावाच्या थांबलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. या शोधामुळे हॅचरीत बीज तयार होऊ लागलं आणि देशभरच्या तलावांत मत्स्यबीज सोडता आलं. देशाचं मासळीचं उत्पादन त्यानं वाढवलं, यात शंका नाही. हा आपल्या विज्ञानाचा मोठा विजय आहे आणि १० जुलै हा दिवस मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो उगीच नव्हे.

पण भंडाऱ्याच्या तलावात या विजयाची दुसरी बाजू दिसते. मच्छीमार सहकारी संस्थेनं तलाव ठेक्यानं घ्यायचा, ठेक्याची रक्कम भरायची, दर पावसाळ्यात बीज विकत आणायचं, ते जगेल अशी आशा करायची, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासळी काढायची. मासा तलावातच अंडी घालत नसल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा बीज विकत. ज्या घरात साठवलेला पैसा नाही, त्या घरांच्या संस्थेला दर जूनमध्ये रोकड उभी करावी लागते. ती कुठून येणार? व्यापाऱ्याकडून. मग मासळीचा भावही व्यापारीच ठरवतो. पुष्कळ ठिकाणी शेवट असा होतो की कागदावर संस्था आणि पाण्यात ठेकेदार. ढिवर स्वतःच्या तलावात रोजानं जाळं ओढतो.

त्यात भर म्हणून गवत्या मासा म्हणजे ग्रास कार्प आणि सायप्रिनस तलावांत सोडले गेले. गवत्या तलावातली वनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो. झपाट्यानं वजन धरणारे मासे म्हणून त्यांची शिफारस झाली. तलावाच्या तळाशी उगवणारं गवत हा अडथळा आहे, असं तेव्हा धरलं गेलं.

ते गवत काय करतं हे मरळ माशाकडे पाहिलं की कळतं. पहिल्या पावसाच्या लोंढ्यांनंतर मरळीची जोडी काठाजवळच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आडोशाला जागा साफ करते. अंडी वर तरंगतात, गवताच्या कोंडाळ्यात अडकून राहतात. पिल्लं निघाली की पाण्यावर लालसर ठिपक्यांचा गोळा दिसतो, आणि त्याच्या खाली नर-मादी पहाऱ्याला. कुणी जवळ आलं की अंगावर येतात. जाणता ढिवर तो लालसर गोळा लांबून ओळखतो आणि तिथं जाळं टाकत नाही. मरळ, वाघूर, शिंगूर हे मासे हवेतला श्वासही घेऊ शकतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी आटून चिखल झाला तरी टिकतात आणि बाजारात जिवंत पोचतात. जिवंत मरळीला भाव रोहूपेक्षा कितीतरी चढा. बीज विकत घ्यावं लागत नाही, खाद्य विकत घ्यावं लागत नाही. त्यांना काठाचं उथळ पाणी आणि तळाचं गवत लागतं. नेमकं तेच दोन्ही गेलं.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. संस्थेची मोठी मासळी विकायला जाते. घरच्या भांड्यात शिजते ती बोटभर लांबीची बारीक मासळी आणि झिंगे. बारीक मासळी काट्यासकट, डोक्यासकट खाल्ली जाते, म्हणून तिच्यातून कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व मिळतं. मोठ्या माशाचा काटा आपण बाजूला काढून ठेवतो. तलावात फक्त रोहू-कतला उरला तर वजनाचे आकडे वाढू शकतात आणि त्याच वेळी ढिवरटोलीतल्या पोरांच्या ताटातलं कमी होऊ शकतं. कुपोषण म्हटलं की आपण पाकिटातल्या पोषण आहाराकडे वळतो. हे पोषण काठावर फुकट उपलब्ध होतं.

या सगळ्याचा उलगडा ज्यांनी धीरानं केला त्यांत मनीष राजनकर यांचं नाव आधी घ्यायला हवं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेमार्फत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः अर्जुनी मोरगाव भागात, म्हणजे जुन्या भंडारा जिल्ह्यात आणि आताच्या गोंदियात, ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर काम केलं. सुरुवात त्यांनी विचारण्यापासून केली. कोणते मासे होते, कोणते दिसेनासे झाले, कोणता मासा कोणत्या गवतात राहायचा, कुठलं गवत कुठल्या मातीत धरतं. म्हाताऱ्या मच्छीमारांकडे याचं तपशीलवार ज्ञान होतं, ते कुणी मागितलं नव्हतं एवढंच. या माहितीवरून मग तलावाची दुरुस्ती ठरली, आणि एका तलावात जमलेलं काम पुढे इतर संस्थांच्या तलावांत पोचलं.

काम पाहायला साधं आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावरची बेशरम मुळासकट उपटायची. वरवर छाटून उपयोग नाही, राहिलेली कांडी पावसात फुटते. उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरून भुसभुशीत करायचा, कारण गुरांच्या खुरांनी आणि उन्हानं तो कडक झालेला असतो आणि अशा जमिनीत मूळ धरत नाही. मग पाऊस पडून पाणी गुडघाभर आलं की दुसऱ्या, अजून जिवंत असलेल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पतींची लावणी. चिला पूर्ण बुडून राहणारा, कमळवर्गातल्या वनस्पती पानं वर तरंगवणाऱ्या, देवधान काठाच्या चिखलात उभं राहणारं. प्रत्येकाची खोली वेगळी. मूठभर काड्या चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागे, पुन्हा मूठ. ही लावणी बायका करतात, आणि त्यांच्या हाताला ती नवी नसते. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत धानाचे पऱ्हे रोवताना याच हालचाली केलेल्या असतात. फरक एवढाच की हे रोवण आपल्या पाण्यातलं असतं.

त्याबरोबर संस्थेनं स्वतःवर काही बंधनं घालायची. विणीच्या दिवसांत जाळं नाही. गवत खाणारा, चिखल उकरणारा मासा सोडायचा नाही. तलावाचा काही भाग राखीव. जिथं हे नीट झालं तिथं वनस्पती परतल्या, देशी मासे वाढले आणि मागोमाग पाणपक्षीही आले. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या याच तलावांच्या आणि धानाच्या पट्ट्यात. त्याच्यासाठी वेगळा प्रकल्प करायचा तर तोही अखेर उथळ काठ आणि देवधान यांच्यापाशीच येऊन थांबतो.

बायकांचा मुद्दा इथं पुढे रेटायला हवा. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी, भाव करणारी, उधारी वसूल करणारी बाई ढिवरटोलीत घरोघर आहे. जाळं विणण्यात आणि वाळवणात तिचा हात आहे. पण सहकारी संस्थेच्या सभासद यादीत तिचं नाव क्वचितच सापडतं, कारण ‘मच्छीमार’ म्हणजे पाण्यात उतरणारा पुरुष असं धरलेलं आहे. तलावात लावणी करायला बायका आणि ठेक्याच्या सभेला पुरुष, हे जोवर चालेल तोवर अर्धं काम झालं असंच मी म्हणेन. बचत गटांमुळे या बायकांना बँकेची पायरी चढण्याची सवय झालेली आहे. संस्थेच्या सभासदत्वाचा फॉर्म त्याहून अवघड नाही.

शासन काही करत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २००६ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी सुरू झाली तेव्हा पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचे जे जिल्हे होते त्यांत भंडारा होता, आणि तलावांचं खोलीकरण हे इथं रोहयोचं नेहमीचं काम झालं. पुढे जलयुक्त शिवार आलं, २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आलं. अडचण मोजमापात आहे. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, खोदलेली माती घनमीटरात बसते. लावलेला चिला कोणत्या रकान्यात लिहायचा? त्यामुळे यंत्र येतं आणि काठापासून सरळ खोल खणत जातं. उथळ, उतरता काठ नाहीसा होतो आणि जागेवर खड्डा उरतो. खोल पाण्यात तळापर्यंत ऊन पोचत नाही, गवत उगवत नाही, पिल्लाला लपायला जागा राहत नाही. गाळाचा थर पार खरवडून मुरूम उघडा पडला तर पाणीच झिरपून जातं. बंडीनं गाळ काढणारा शेतकरी वरचा सुपीक थर नेई आणि थांबे. यंत्राला कुठे थांबायचं हे सांगणारा माणूस हवा, आणि तो माणूस ढिवरटोलीत राहतो.

दुसरा झगडा पंपाचा आहे. वीज आणि पंप आल्यावर तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेता येऊ लागलं. ज्याची जमीन पारीखाली, त्याचा पंप आधी. उन्हाळ्यात तलाव तळाला गेला की ठेका भरलेल्या संस्थेची मासळी अकाली काढावी लागते, नाहीतर मरते. शेतकरी वाईट आहे असं मुळीच नाही, तोही दोन-तीन एकरांवर तगून आहे. पण जमिनीला लागून पाण्याचा हक्क मोजला की ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा हक्क शून्य होतो. तलावात किमान किती पाणी राखायचं हे शेतकरी आणि ढिवर यांनी ग्रामसभेत एकत्र बसून ठरवलं, तरच ते टिकतं.

एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच गोष्टींच्या अभ्यासाबद्दल. सामाईक कुरणं, मासेमारीचं पाणी, कालवे हे एक तर सरकारकडे हवेत नाहीतर खाजगी मालकीचे, असं मानणाऱ्यांना त्यांनी जगभरची उदाहरणं दाखवली. वापरणारेच नियम करतात, तेच देखरेख ठेवतात आणि वरचं सरकार त्या नियमांना मान देतं, तिथं सामाईक संपत्ती शतकानुशतकं टिकते. मामा तलावांच्या बाबतीत १९५१ साली मालक बदलला. वापरणाऱ्यांना नियम करण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. तो आता काही प्रमाणात मिळू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतली मासळी आणि इतर उत्पादनं हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. वनजमिनीत येणाऱ्या तलावांवर ढिवर गावासोबत दावा करू शकतात. आदिवासी नसल्यानं त्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा तेच जुनं निस्तार पत्रक कपाटातून बाहेर काढावं लागतं.

याच जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींपलीकडे गेला. गावं उठली, नदीकाठचे मच्छीमारही उठले, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे याच जलाशयात येतं. धरणाचा वाद इथं काढायचा नाही, त्याचं पाणी अनेक शेतांना पोचलं आहे. फक्त प्रमाण लक्षात यावं. त्या रकमेच्या एका बारीकशा हिश्श्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक मामा तलावाची पार, तुडुम आणि काठ नीट करता आला असता, आणि मजुरी गावातच राहिली असती.

जिल्हा परिषदेला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला उद्यापासून करता येईल असं काही आहे का, तर आहे. ठेक्याच्या करारात दर हेक्टरी माशांची अमुक बोटुकली सोडलीच पाहिजेत अशी अट घालण्याऐवजी, देशी मासे राखणाऱ्या संस्थेला ठेक्यात सूट द्यावी. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात काठाचा उतार किती राखायचा हे लिहावं आणि त्यावर संस्थेच्या अध्यक्षाची सही घ्यावी. बेशरम उपटणं, तळ नांगरणं आणि पाणवनस्पतींची लावणी यांचे दर रोहयोच्या दरसूचीत यावेत, म्हणजे ते काम करणाऱ्या बाईला त्याची मजुरी मिळेल. आणि संस्थेच्या नव्या सभासदांत निम्म्या बायका असाव्यात. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. मे महिन्यात, पाणी खाली गेलेलं असताना आणि रोवणीची घाई सुरू व्हायच्या आत, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हे घेतलं तर त्याच पावसाळ्यात लावणी होऊ शकते.